त्वचेआडची जखम

१८९९ साली प्लेग भगुरात पोहोचला. देवळाली कॅम्पला खेटून असलेल्या या गावात दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे बंधूही गेले. मुलगा विनायक तेव्हा १६ वर्षांचा होता. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत १८९७ सालीच तयार केली होती, पण ती आजार होण्याआधी टोचायची. एकदा ताप चढला, काखेत किंवा जांघेत गाठ उठली, की गावच्या वैद्याकडे, नाशिकच्या डॉक्टरकडे किंवा शेजारच्या छावणीतल्या गोऱ्या सर्जनकडेही देण्यासारखे औषध नव्हते.

ते पुढच्या ५० वर्षांत आले. प्लेगवर आले, न्यूमोनियावर आले, क्षयावर आले. भगूर-देवळालीसारख्या शेकडो गावांतली माणसे त्यामुळे वाचली. ही गोष्ट सतत ध्यानात ठेवूनच पुढचा इतिहास वाचायला हवा, कारण तो याच औषधांच्या क्वचित उलटणाऱ्या बाजूचा आहे. हजारो-लाखो रुग्णांमध्ये एखाद्याला तेच औषध असे काही बाधते, की त्याच्या अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटून येते. आणि त्यातल्याही अगदी थोड्यांच्या बाबतीत कातडीबरोबर आतड्याचे अस्तरही सुटते. हे दुसरे नुकसान नीट ओळखायला वैद्यकशास्त्राला जवळपास ७० वर्षे लागली.

देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदर ते देवळाली हा प्रवास सोपा झाला. बोटीतून उतरलेली पलटण इथे येऊन थांबायची, मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची इथेच वाट पाहायचे. ताप, हगवण आणि गुप्तरोग ही छावणीतली नेहमीची दुखणी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जखमी आणि आजारी सैनिकांचे लोंढे मुंबईत उतरू लागले, तेव्हा ३४ वे वेल्श जनरल हॉस्पिटल देवळालीत उभे राहिले. त्या काळच्या लष्करी इस्पितळांतल्या कपाटात क्विनीन होते, आणि उपदंशासाठी पॉल एहर्लिख यांचे ‘६०६’, म्हणजे साल्व्हार्सान, हे संखियापासून बनवलेले औषधही होते. १९१० पासून ते जगभर वापरात होते. त्याने उपदंश हटायचा, पण काही सैनिकांचे सगळे अंग लालबुंद होऊन कातडीचे पापुद्रे निघत. डॉक्टर त्याला संखियाची बाधा म्हणत आणि औषध थांबवत. औषधामुळे कातडी जाऊ शकते, हे लष्करी वैद्यकाला असे फार लवकर कळले होते. बाधा किती खोल जाऊ शकते, याची कल्पना मात्र कोणालाच नव्हती.

देवळालीला आणखी एक रूप होते. मुंबईच्या दमट हवेतून सुटका हवी असलेली पारशी, गुजराती, मराठी कुटुंबे इथल्या कोरड्या हवेसाठी येत. लॅम रोडवरचे बंगले, निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी बांधलेली सॅनिटोरियमे, सकाळ-संध्याकाळचे फिरणे, दूध-अंडी आणि विश्रांती. क्षयरोग्याला यापलीकडे फारसे काही देता येत नसे. मिरजेजवळ वानलेसवाडीत, पुण्याजवळ औंधला, मुंबईत शिवडीला क्षयाची इस्पितळे होती. तिथेही मुख्य उपचार हवा आणि आराम हाच.

ही परिस्थिती बदलण्यात सर्वांत मोठा वाटा असलेल्यांपैकी एक नाव म्हणजे जर्मन डॉक्टर गेरहार्ड डोमाक. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगांच्या रसायनांवर काम करताना त्यांना प्रॉन्टोसिल हे लाल द्रव्य सापडले आणि १९३५ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष जाहीर केले. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून जखम चिघळली, हात कापावा लागेल अशी वेळ आली. डोमाक यांनी तिला प्रॉन्टोसिल दिले आणि हात वाचला. सल्फा औषधांचे युग इथून सुरू झाले. १९३८ साली इंग्लंडमधल्या मे अँड बेकर कंपनीचे ‘एम अँड बी ६९३’ आले आणि न्यूमोनियाची भीती निम्मी झाली. १९३९ साली डोमाक यांना नोबेल जाहीर झाले. हिटलरच्या राजवटीने त्यांना अटक करून ते नाकारायला लावले. पदक त्यांच्या हाती पडले ते १९४७ साली, रकमेशिवाय.

मुंबईतही काम सुरू होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखाली वागळे, बी. बी. दीक्षित आणि के. गणपती यांनी सल्फा औषधे प्लेगवर चालतात का, याचा शोध घेतला. १९४१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : सल्फाथायाझोल प्लेगवर चालते. भगूरमध्ये १८९९ साली जे नव्हते, ते अवघ्या ४२ वर्षांनी मुंबईत तयार झाले होते. यातले बी. बी. दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. या कामाचे मोल महाराष्ट्राने हवे तेवढे लक्षात ठेवलेले नाही. रँड आणि चापेकर बंधू आपल्याला पाठ असतात, पण प्लेगला खरोखर आवर घालणारे औषध शोधणाऱ्या या चौघांची नावे पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिकांना गोळ्यांपेक्षा हगवणीने जास्त जेरीस आणले. त्यासाठी सल्फाग्वानिडिन हे आतड्यातच राहून काम करणारे सल्फा औषध आले आणि भारतातल्या लष्करी इस्पितळांत ते सर्रास वापरले गेले. सल्फा स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात घेता येत होते. युद्ध संपेपर्यंत ते छोट्या गावांतल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचले होते.

बाधेच्या नोंदीही त्याच काळात वाढू लागल्या. खरे तर पहिली महत्त्वाची नोंद सल्फाच्या आधीची, १९२२ सालची. न्यू यॉर्कमध्ये आल्बर्ट स्टिव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन डॉक्टरांनी ७ आणि ८ वर्षांच्या दोन मुलांची हकिकत लिहिली : जोराचा ताप, अंगभर चट्टे, तोंड आतून सोललेले, डोळे पुवाने बंद. त्यांना तो नवाच तापाचा आजार वाटला. औषधाचा संशय त्यांच्या मनात आला नव्हता. पुढे सल्फाचा वापर वाढला तसे असेच रुग्ण वारंवार दिसू लागले आणि ‘स्टिव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’चा औषधांशी असलेला संबंध उलगडत गेला.

१९५६ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या अ‍ॅलन लायेल यांनी चार रुग्णांवर लेख लिहिला. त्यांच्या अंगाची कातडी उकळत्या पाण्याने भाजल्यासारखी सुटत होती. लायेल यांनी या रोगाला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस’ असे नाव दिले. डॉक्टर आज त्याला थोडक्यात ‘टेन’ म्हणतात. स्टिव्हन्स-जॉन्सन आणि टेन या दोन्ही एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत, हे पुढे पक्के झाले. १९९३ साली ठरलेल्या वर्गीकरणानुसार अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागाची कातडी सुटली तर स्टिव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर टेन, आणि मधले दोन्हींच्या सीमेवरचे. टेन वर्षाला दर १० लाख लोकांत एखाद-दुसऱ्यालाच होतो. ज्यांना होतो त्यांतले सुमारे एक तृतीयांश दगावतात.

हा आजार जवळून कसा दिसतो, हे एकदा सांगायलाच हवे. औषध सुरू केल्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत आधी ताप येतो, घसा दुखतो, डोळ्यांत खुपते. घरात वाटते की व्हायरल असेल. मग छाती-पाठीवर तांबूस-जांभळे ठिपके येतात, ते दुखतात. एक-दोन दिवसांत ते एकमेकांत मिसळतात, फोड येतात आणि हलक्या बोटाने घासले तरी कातडी ओल्या कागदासारखी सरकते. ओठांवर काळपट खपल्या धरतात. थुंकी गिळणे जिवावर येते. लघवी करताना रुग्ण किंचाळतो. पाठीवर झोपवले तर चादर कातडीला चिकटते, म्हणून जळीत रुग्णासारखी काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे त्यावर एक देशी तोड निघाली. मुंबईच्या सायनमधील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीची पाने निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरली आणि २००३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पान गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही, बदलताना रुग्ण ओरडत नाही आणि पैशात परवडते. कातडी सुटलेल्या टेनच्या रुग्णालाही केळीच्या पानांवर झोपवण्याची पद्धत आपल्या त्वचारोग विभागांत रुळली.

घरच्यांच्या तोंडी मात्र बहुधा एकच वाक्य असते : गोळ्या गरम पडल्या. मग ताक, सब्जा, गुलकंद, आणि गोळी चालूच. हे वाक्य निष्पाप वाटते, पण त्यात गेलेला एकेक दिवस महागात पडतो. २००० साली फ्रान्समधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरातून लवकर निघून जाणारे औषध लगेच बंद केले, तर जितके दिवस आधी ते बंद होईल तितका, दर दिवसामागे मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. जे औषध शरीरात रेंगाळते त्याच्या बाबतीत हा फायदा मिळत नाही. मलेरियावर दिले जाणारे सल्फाडॉक्सिन शरीरात अर्धे उरायलाच आठवडाभर लागतो. १९८५ साली अमेरिकेने आपल्या प्रवाशांना हेच औषध असलेल्या ‘फॅन्सिडार’बद्दल इशारा दिला होता, त्यामागे असेच मृत्यू होते.

क्षयाच्या बाबतीतही सूत्रधार डोमाकच. १९४० च्या दशकात त्यांच्या गटाने क्षयजंतूंवर काम करणारे थायोअ‍ॅसिटाझोन शोधले. युद्धानंतरच्या जर्मनीत ते हजारो रुग्णांना दिले गेले. १९४९ साली हिन्शॉ आणि मॅकडरमॉट हे दोन अमेरिकी डॉक्टर ते पाहायला जर्मनीत गेले. औषध चालते पण विषारी आहे, असे त्यांचे मत पडले. त्याच रसायनांच्या वाटेवर पुढे १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि थायोअ‍ॅसिटाझोन काही काळ मागे पडले.

ते परत आले गरीब देशांसाठी. एकटे आयसोनियाझिड दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसरे औषध लागते. ते स्वस्त हवे. मद्रास आणि पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी दाखवले की ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि १५० मिलिग्रॅम थायोअ‍ॅसिटाझोन रोज एकत्र दिले तर क्षय बरा होतो. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने ही जोडी गावोगावच्या आरोग्य केंद्रांपर्यंत नेली. वर्ष-दीड वर्ष रोज गोळी. सॅनिटोरियमला जाण्याची ऐपत नसलेल्या माणसाला घरी राहून, कामधंदा करत बरे होण्याची सोय प्रथमच झाली. हवापालटासाठी देवळालीला येणाऱ्यांची गरज हळूहळू ओसरली, ती या गोळ्यांमुळे.

थायोअ‍ॅसिटाझोनने अंगावर पुरळ येते, हे सगळ्यांना ठाऊक होते. १९६० च्या दशकात अनेक देशांत झालेल्या पाहणीत हे प्रमाण देशागणिक वेगळे निघाले. भारतात ते सहन होण्याजोगे मानले गेले आणि तेव्हाच्या परिस्थितीत तो निर्णय समजण्यासारखा होता. क्षयाने मरणाऱ्यांची संख्या पाहता दुसरा पर्याय कोणाच्या खिशाला झेपणारा नव्हता.

एचआयव्हीने हे गणित मोडले. मार्च १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात नैरोबीतील एक अभ्यास आला. थायोअ‍ॅसिटाझोन घेणाऱ्या क्षयरुग्णांत एचआयव्ही नसलेल्यांपैकी सुमारे एक टक्क्याला कातडीची बाधा झाली होती. एचआयव्ही असलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांना. काही जण टेनने दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने लगेचच एचआयव्ही असलेल्या रुग्णांत ते औषध टाळायला सांगितले. भारतात १९९७ पासून सुधारित क्षयरोग कार्यक्रम आला आणि रिफाम्पिसिनवर आधारलेल्या उपचारांमुळे थायोअ‍ॅसिटाझोन मुख्य प्रवाहातून बाहेर पडले. २००४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह काही सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची मोफत औषधे सुरू झाली, तेव्हा त्यातल्या नेव्हिरापिनचा डोस पहिले १४ दिवस अर्धाच द्यायचा नियम होता. तोही कातडीच्या बाधेची भीती लक्षात घेऊनच.

नैरोबीचा अभ्यास छापून महिना उलटतो न उलटतो तोच, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, एप्रिल १९९१ मध्ये आणखी एक छोटे टिपण आले. पॅरिसजवळच्या क्रेतेय गावातल्या आँरी मोंदोर रुग्णालयातील ओलिव्हिए शोझिदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लिहिले होते. औषधाने टेन झालेल्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कातडीत जे घडते तेच तिथेही घडलेले दिसले : पेशी मेलेल्या, अस्तर उलून निघालेले. नैरोबीच्या अभ्यासाने लाखो लोकांच्या उपचारांची दिशा बदलली. क्रेतेयचे टिपण थोड्याच तज्ज्ञांच्या नजरेत भरले. तरी रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरसाठी दुसरे टिपणही तितकेच महत्त्वाचे होते.

इतका उशीर का झाला, याला कारण होते. तोंड, घसा, अन्ननलिका, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे आवरण, लघवीचा मार्ग, गुदद्वार यांचे अस्तर कातडीसारखेच अनेक थरांचे असते. त्यामुळे टेनमध्ये तेही सोलते, हे पहिल्यापासून दिसत होते. पोटापुढचे आतडे वेगळे आहे. त्याचे अस्तर एकाच थराच्या उभट पेशींचे असते आणि चार-पाच दिवसांत पूर्ण नवे होते. हा आजार कातडीसारख्या थरांवरच हल्ला करतो, अशी समजूत असल्याने आतडे सुरक्षित धरले गेले होते. रुग्णाला जुलाब झाले तर अँटिबायोटिक्सचा दोष मानायचा, पोट फुगले तर जंतुसंसर्ग, शौचातून रक्त गेले तर ताणाने आलेला अल्सर. हे सगळे खरेच शक्य असते, म्हणूनच खरे कारण त्याआड दडते. शिवाय आतडे कोणाला दिसत नाही. कातडी सुटलेली दिसते, म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागतात.

आतड्याची ही बाधा किती भयंकर असू शकते, हे पुढच्या नोंदींतून स्पष्ट झाले. पातळ, रक्तमिश्रित जुलाब, मुरडा, पोषण न शोषले जाणे ही सौम्य बाजू. काहींच्या मोठ्या आतड्याला भोक पडले आणि पोटात विष्ठा पसरली. काहींच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात घुसला आणि मार्ग बंद झाला. आतड्यात अब्जावधी जंतू असतात. त्यांना रक्तापासून दूर ठेवणारा पडदा म्हणजे हाच एका थराचा पापुद्रा. तो गेला की जंतू थेट रक्तात शिरतात, आणि कातडीही गेलेली असल्याने शरीराला दोन्हीकडून वेढा पडतो. शिरेतून किंवा तोंडावाटे स्टेरॉइड चालू असेल तर पोट फुटल्याची नेहमीची लक्षणे, म्हणजे दुखणे, पोट कडक होणे, दाबली जातात. सर्जनला बोलवायला त्यामुळे उशीर होतो. नाकातून नळी घालून अन्न द्यावे तर अन्ननलिका आतून सोललेली असते, दुर्बीण घालून आत पाहावे तर नाजूक भिंतीला इजा होण्याची भीती असते. अशा वेळी काही दिवस पोटाला विश्रांती देऊन शिरेतून पोषण द्यावे लागते.

यातले सगळ्यात चकवणारे म्हणजे वेळ. कातडी भरून येते, नवी गुलाबी त्वचा येते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि तेव्हाच जुलाब सुरू होतात किंवा वाढतात. काही रुग्णांत महिन्यांनंतर लहान आतडे जागोजाग आवळले जाते. अन्ननलिकाही अशीच आकसते आणि घास अडकू लागतो. कातडीचा आजार संपला म्हणून त्वचारोग विभागाने घरी पाठवलेला रुग्ण काही महिन्यांनी पोटाच्या तक्रारीसाठी सर्जरीच्या ओपीडीत रांगेत बसलेला असतो. त्याने जुनी कागदपत्रे आणली नसतील तर दोन्ही दुखण्यांची सांगड कोणालाच लागत नाही.

पेशी नेमक्या का मरतात, याचे उत्तर एकविसाव्या शतकात मिळू लागले. २००८ साली तैवानच्या संशोधकांनी रुग्णांच्या फोडांमधले पाणी तपासले आणि ग्रॅन्युलायसिन हे प्रथिन त्यात भरपूर सापडले. औषधामुळे बिथरलेल्या रोगप्रतिकारक पेशी ते सोडतात आणि त्याने शेजारच्या पेशी मरतात. त्याआधी २००४ साली त्याच देशात अपस्माराच्या कार्बामाझेपिन औषधाने स्टिव्हन्स-जॉन्सन झालेल्या सर्वच्या सर्व ४४ रुग्णांमध्ये ‘एचएलए-बी*१५:०२’ हा एकच जनुकीय प्रकार आढळला. २००७ साली अमेरिकेने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्याआधी ही चाचणी करण्याची शिफारस केली. २००९ साली गुजरातमधील संशोधकांनी भारतीय रुग्ण तपासले; आठपैकी सहांमध्ये तोच प्रकार निघाला. संख्या लहान होती, पण धोका आपल्या रक्तातही असल्याचा तो पुरावा होता. खेड्यातल्या डॉक्टरला ही चाचणी आजही सहज करून घेता येत नाही. महागडी औषधे स्वस्त करण्यात आपण जगाला धडा घालून दिला; अशा चाचण्यांबाबतही तसेच व्हायला हवे.

या आजाराचे नाव न्यायालयापर्यंत पोहोचले ते १९९८ सालच्या एका मृत्यूमुळे. अमेरिकेत राहणाऱ्या बालमानसशास्त्रज्ञ अनुराधा साहा सुट्टीसाठी कोलकात्याला आल्या होत्या. वय ३६. अंगावर पुरळ आले. त्यांना डेपोमेड्रॉल हे रेंगाळणारे स्टेरॉइड ८० मिलिग्रॅमच्या डोसने दिवसातून दोनदा लिहून दिले गेले. प्रकृती ढासळली, टेनचे निदान झाले, आणि मे महिन्याच्या मध्यावर विमान-रुग्णवाहिकेने त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले. २८ मे १९९८ रोजी तिथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा यांनी न्यायासाठी १५ वर्षे लढा दिला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००६ साली दावा फेटाळला, २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हलगर्जी मान्य केली आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी ५ कोटी ९६ लाख रुपये व त्यावर व्याज असा भरपाईचा निकाल दिला. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत तोपर्यंत एवढी रक्कम कोणाला मिळाली नव्हती.

निकालाचा गाजावाजा रकमेवरून झाला. त्यातला वैद्यकीय भाग अधिक मोलाचा होता. या आजारात स्टेरॉइड किती, केव्हा आणि किती दिवस द्यावे, कातडी नसलेल्या रुग्णाला भाजलेल्या माणसासारखे द्रव, पोषण आणि जंतूंपासून संरक्षण कसे द्यावे, याची चर्चा त्या निकालाने न्यायालयात आणली. पुढे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. सायक्लोस्पोरिनचा उपयोग त्यांत मांडला गेला. या औषधाचा स्टेरॉइडशी तुलना करणारा एक अभ्यास २०१३ साली लष्करी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला होता. देवळालीच्या छावणीत ज्या परंपरेत सैनिकांची कातडी सांभाळली गेली, तीच परंपरा एवढ्या वर्षांनी पुन्हा इथे भेटते.

अनुराधा साहा गेल्या त्याच वर्षी नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झाले. राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा आज तिथून चालतात. देवळाली कॅम्पच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे आज ‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणून येणारा रुग्ण ज्याच्या हाती पडतो, तो डॉक्टर बहुधा याच विद्यापीठाचा पदवीधर असतो. त्याने ओठ, डोळे आणि लघवीची जागा पाहिली, नवी औषधे विचारली आणि तीच बंद करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले, तर निम्मी लढाई तिथेच झाली.

आतड्याच्या बाधेवर मात्र अजून कोणताही ठरलेला उपचार नाही. जगभरातल्या नोंदी मिळून इतक्या थोड्या आहेत, की मोठी चाचणी होणेच शक्य नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला किंमत आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता किंवा रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर बाधा कळवू शकतो. फॉर्मवर रुग्णाच्या नावाची फक्त आद्याक्षरे असतात. औषधाचे नाव, ते सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, काय बाधा झाली आणि पुढे काय झाले, एवढे विचारलेले असते. हे फॉर्म गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जमा होतात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला येथील जागतिक साठ्यात पोहोचतात. काय बाधा झाली, या प्रश्नापुढे बहुतेक फॉर्मवर कातडीचीच माहिती भरलेली असते. जुलाब झाले होते का, शौचातून रक्त गेले होते का, हे रुग्णाला वेगळे विचारले तरच त्या ओळीत येते.